लोणार, भाची आणि एक 'पण'

परवा भाची आली ती रडवेला चेहरा घेऊनच. जीआरईची तयारी चालू आहे तिची. "मामा, माझं इंग्लिशच कच्चं आहे रे. उतारा सगळा कळतो आणि उत्तर चुकतं."

आता गंमत बघा. सगळा उतारा कळतो, तर इंग्लिश कच्चं कसं? पण क्लासमध्येही तिला हेच ऐकवलंय. अजून हजार शब्द पाठ कर, आणि उतारा वाचत बसू नकोस. आधी प्रश्न वाच, मग त्यातले शब्द उताऱ्यात हुडक. हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं.

जीआरईचे बहुतेक उतारे एका परिच्छेदाचे असतात. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षाच आटोपशीर झाली, व्हर्बलला २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. त्यात वारंवार विचारतात काय, तर लेखकाचा मुख्य हेतू कोणता, आणि अमुक वाक्य तिथे काय काम करतंय. शब्द हुडकून याचं उत्तर कसं मिळणार? हेतू काही उताऱ्यात छापलेला नसतो!

मी तिला तिथल्या तिथे चार वाक्यं लिहून दिली, चक्क मराठीत:

'लोणारचं सरोवर ज्वालामुखीमुळे तयार झालं असं पूर्वी अनेक अभ्यासक मानत. आजूबाजूचा सगळा खडक ज्वालामुखीतून आलेला बेसाल्ट असल्याने तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण तिथे मॅस्केलिनाइट सापडलं, आणि हा काचेसारखा पदार्थ मोठ्या आघाताच्या दाबामुळे तयार होतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानंतर ते उल्काघाताचं विवर आहे हे मत पक्कं झालं.'

विचारलं, "हेतू काय?"

"लोणारची माहिती देणे."

झालं! मायबोलीत लिहिलेलं, आपल्या बुलढाण्याचं सरोवर, आणि चूक तीच. मग इंग्लिशला कशाला बोल लावायचा?

नुसती माहितीच द्यायची असती तर लेखकाने खाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं असतं, दैत्यसूदनाच्या देवळाबद्दल लिहिलं असतं. यातलं काहीच नाही. एक जुनं मत का सोडावं लागलं, एवढंच त्याला सांगायचंय. सगळा उतारा त्या 'पण'वर वळतो.

मग म्हटलं, "दुसरं वाक्य खोडलं तर?"

"काही बिघडत नाही," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. "नाही रे... मग आधीचे लोक वेडे वाटतील."

अगदी बरोबर! ते वाक्य माहितीसाठी नाहीच, जुनं मत आपल्या परीने रास्त होतं हे दाखवायला आहे. म्हणून पर्यायांत 'आधीच्या अभ्यासकांवर टीका करणे' असं आलं तर ते बाद. शिवाय नुसत्या खडकावरून हा वाद का मिटेना, तेही त्याच वाक्यात आहे. एवढं सगळं एका वाक्यात, आणि क्लासची पद्धत ते वगळायला शिकवते.

खरा दोष मात्र क्लासच्याही आधीचा. आमच्या शाळेत उतारा म्हणजे पेन्सिलीने रेघ मारायची आणि ती ओळ जशीच्या तशी उत्तरात उतरवायची. मी एकदा स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर अर्धा मार्क गेला. (आईला आठवत असेल, मी दोन दिवस तेच उगाळत होतो.) कोणी काय केलं, कुठे केलं, हे दहा वर्षं विचारलं. लेखकाने हे इथेच का लिहिलं, असं एकदाही नाही. आणि मग बाविसाव्या वर्षी परक्या भाषेत, घड्याळ लावून, पोरीने ते ओळखावं ही अपेक्षा!

वेळ कुठे असतो, असं म्हणणारे भेटतात. अहो, पाच-सहा वाक्यांचा उतारा एकदा नीट वाचायला वेळ लागतो, की शब्दांमागे तीनदा वरखाली धावायला? मोठ्या उताऱ्याला आधी प्रश्नांवर नजर टाकली तर माझी हरकत नाही. शब्दही लागतातच. पण शब्द येऊनही पोरगी अडतेय, त्याचं काय?

ताईचा रात्री फोन. "क्लासची फी भरून झालीये, तू तिला भलतंच काही शिकवू नकोस."

भाची तोवर वर्तमानपत्र घेऊन बसली होती, हातात पेन्सिल. अग्रलेखात तिला चार 'पण' सापडले. एकाही 'पण'नंतर काही वळत नव्हतं, अशी तिची तक्रार होती.