थकलेलें वीजबिल आणि सुगीचा हप्ता

विहिरीवरील पंपाचें बिल थकलें म्हणजे पुष्कळ शेतकरी दोहोंपैकीं एक चूक करितात. वसुलीचा माणूस बांधावर दिसतांच कोणी मागच्या वाटेनें निघून जातो. कोणी चारचौघांत मान खालीं जाऊं नये म्हणून ‘पुढच्या महिन्यांत सर्व भरतों’ असें सांगून मोकळा होतो. माझ्या मतें दुसरी चूक अधिक घातक होय.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसत होतों. एका सज्जन खातेदारानें सरकारी बाकीबद्दल लाजेखातर आठ दिवसांचा वायदा केला. तो त्यानें पाळला. परंतु ऐन पेरणीच्या तोंडावर बैल विकून पाळला, आणि पुढें मशागतीसाठीं सावकाराचें दार गांठलें. पावती मींच फाडली होती. आमचें येणें फिटलें, त्याचें देणें मात्र वाढलें. न झेपणारा वायदा करणें हा प्रामाणिकपणा नव्हे, हें मी त्या दिवशीं शिकलों.

एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांकरितां साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांच्या चालू बिलाचा भार राज्य सरकारनें घेतला आहे. त्यामुळें जुनी बाकीहि गेली असा कित्येकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. उलट, चालू बिलाचें ओझें नाहीं तोंवरच जुन्याचा निकाल लावणें शहाणपणाचें.

त्याकरितां प्रथम हिशेब मागावा. मूळ रक्कम किती व व्याज-दंड किती, हें वेगळें लिहून घ्यावें. बिलावरील अश्वशक्ति पंपावरील पाटीशीं ताडून पहावी. आकडा मीटर वाचून घातला कीं सरासरीनें, तेंहि विचारावें. जी रक्कम पटत नाहीं, तिच्यापुढें ‘मान्य’ म्हणून सही करूं नये. लेखी तक्रार द्यावी, आणि दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावें.

सन २००३ च्या विद्युत कायद्याचें ५६ वें कलम प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. थकबाकीसाठीं वीज तोडण्यापूर्वीं पुरत्या १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. तसेंच, देय झाल्यापासून दोन वर्षें उलटलेली रक्कम जर बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नसेल, तर तिच्यापायीं वीज तोडतां येत नाहीं. यास्तव जुनीं बिलें चुलींत न घालतां बासनांत बांधून ठेवावीं.

खरी बाकी ठरल्यावर हप्त्याचा अर्ज आपणच करावा. समजा, ४८,००० रुपये निघतात. दरमहा ४,००० चा हप्ता वर्षांत सुटसुटीत दिसतो; परंतु बियाणें-खतांच्या दिवसांत तो तुटणारच. त्यापेक्षां खरिपाचा माल विकल्यावर ६,००० आणि रब्बीनंतर ६,००० असे चार वर्षांचे आठ हप्ते मागावे. अर्जांत वर्षाचें उत्पन्न, घरखर्च व इतर देणीं खरीं लिहावीं. हप्ते चालू असतां व्याज थांबावें अशी विनंति करावी. मंजुरी लेखी घ्यावी, आणि पावतीवांचून एक रुपयाहि कोणाच्या हातीं देऊं नये. वायरमन गांवचा असला तरी पावती ती पावतीच.

वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांसहि माझें सांगणें आहे. शेतसाऱ्याच्या हप्त्यांच्या तारखा पूर्वीं सुगी पाहून ठरविल्या जात. तें कांहीं दयेपोटीं नव्हे, तर त्या वेळीं पैसा हातीं येतो म्हणून. वीजबिलाच्या बाकीसहि तोच न्याय लावावा. तारा तोडून उभें पीक वाळविल्यास बाकी कोठून वसूल होणार?

आणि शेतकरी बंधूंनो, वसुलीस आलेला माणूस आपला वैरी नव्हे. त्यास घोंगडीवर बसवा, पाणी द्या, आणि झेपेल तेवढाच आकडा शांतपणें सांगा. मोठ्या वायद्यानें अब्रू एक दिवस राहते; लहान हप्ता वेळेवर भरल्यानें ती कायमची राहते.