एकच पोथी

गेल्या पावसाळ्यात चिंचोटीस आमच्या ओटीवर चहा घेत असता एका विद्वान गृहस्थांनी, दूर कोठेतरी एका माथेफिरूने केलेल्या हत्येची बातमी मोठ्याने वाचून दाखविली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि निवाड्यावर शिक्का उमटवावा अशा स्वरात सांगितले, "त्या एकट्याला कशाला दोष देता? दोष त्याच्या धर्माचा आहे." समोर नाक्यावर कामण-भिवंडीकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, आणि तुंगारेश्वराच्या रानातून उतरलेल्या बायका कंटोळ्यांच्या टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्या रांगेतील दहा-पाच चालक तरी त्याच धर्माचे असतील. परंतु ब्रेक दाबून मुकाट्याने पुढे सरकणारी ती माणसे आमच्या ओटीवर, बचावाचा शब्द न ऐकता, खुनाचे भागीदार ठरून गेली होती.

गृहस्थांची कैफियत थोडक्यात अशी. मारेकऱ्याने आपल्या धर्मग्रंथाचा दाखला दिला, म्हणजे ग्रंथ दोषी. त्याचे सहधर्मी गप्प बसले, म्हणजे ते सामील. असे प्रकार वारंवार घडतात, म्हणजे ते धर्माच्या रक्तातच आहे. आणि धर्म आपल्या संतांचे श्रेय घेतो, तर त्याने आपल्या खुन्यांचा दोषही घेतला पाहिजे.

शेवटून आरंभ करतो. संतांचे श्रेय धर्माला फुकट मिळत नाही. तुकोबांचे पुण्य माझ्या खाती आजवर कोणी जमा केलेले नाही, मग मारेकऱ्याचे पाप तेवढे माझ्या खाती कोणत्या वहिवाटीने मांडावयाचे? सहधर्मी गप्प बसले म्हणणाऱ्याने ते बोलत असताना ऐकण्याची तसदी घेतली होती काय? आणि वारंवारतेचा हिशेब मांडणारे आपल्या घरचे आकडे नेहमी कोऱ्याच पानावर ठेवतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

राहिला ग्रंथाचा मुद्दा. त्यासाठी दूर देशी जाण्याचे कारण नाही. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीस बिर्ला भवनाच्या प्रांगणात, प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसे याने गोळ्या झाडल्या. पुढे न्यायालयातील जबानीत त्याने राम, कृष्ण आणि अर्जुन यांचे दाखले दिले, आणि 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात तो फाशी गेला तेव्हा त्याच्या हाती गीतेची प्रत होती, असे नमूद आहे. आता ज्यांची हत्या झाली त्यांच्याकडे पाहा: गीतेला जे आई म्हणत, तिच्या स्थितप्रज्ञाचे श्लोक ज्यांच्या सायंप्रार्थनेत नित्य म्हटले जात, ज्यांनी 'अनासक्तियोग' या नावाने तिचा गुजराती अनुवाद केला, ते त्याच प्रार्थनेच्या वाटेवर पडले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी ज्या गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी लिहून घेतली, ती गीताही हीच. पोथी एक, श्लोक तेच, अठरा अध्याय तेच; एकाने त्यांतून पिस्तूल काढले, दुसऱ्याने त्यांतून सूतकताई आणि क्षमा काढली. ग्रंथच जर गुन्हेगार असेल, तर एकाच आरोपीला मारणाऱ्याच्या बाजूने शिक्षा आणि मरणाऱ्याच्या बाजूने सन्मान देणारे न्यायालय या गृहस्थांनी कोठे पाहिले आहे, ते त्यांनी सांगावे. मग कोणी म्हणेल, दोष ग्रंथाचा नसेल तर वाचणाऱ्याचा. हेच तर माझे म्हणणे आहे! वाचणारा माणूस असतो, त्याला नाव असते, आणि जबाब त्याचाच घ्यावयाचा असतो.

कायद्याने तो तसाच घेतला. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयापुढे आठ आरोपी उभे होते. 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालात दोघांस फाशी, पाचांस जन्मठेप आणि एकाची निर्दोष मुक्तता झाली, आणि अपिलात उच्च न्यायालयाने आणखी दोघांस सोडले. राष्ट्रपित्याच्या वधाच्या खटल्यातसुद्धा न्यायाने आठांचे आठ पदर निरनिराळे उलगडले. आणि जमावाने काय केले? त्या संध्याकाळी आकाशवाणीने मारेकरी हिंदू असल्याचे आवर्जून सांगितले, आणि तसे सांगितले नसते तर त्या रात्री किती निरपराध मुसलमानांच्या उंबऱ्यावर रक्त सांडले असते, याची कल्पनाही करवत नाही. परंतु नाव प्रसिद्ध होताच महाराष्ट्राने आडनावावरून जात वाचली, आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस ब्राह्मणांची घरे पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ भस्मसात झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' या कादंबरीत ते दिवस लिहून ठेवले आहेत. ज्या जातीत नथुराम जन्मला, तिच्यातच गांधीजींनी ज्यांना राजकीय गुरू मानले ते गोखले जन्मले होते आणि विनोबाही जन्मले होते, हे पेटवणाऱ्या हातांनी विचारले नाही. विचारले असते तर पलिता विझला असता.

माझी एक आत्या साताऱ्याकडील एका खेड्यात दिली होती. जमाव वेशीत शिरला तेव्हा शेजारचा तालमीतला एक गडी, जमावातील बहुतेकांच्याच जातीचा, परसातून धावत आला आणि म्हणाला, "काकू, पोरास्नी घ्या आन् मागल्या दारानं निगा." त्याच्या गोठ्यात त्यांनी रात्र काढली. घर गेले, पेटत्या माजघरातून त्याच गड्याने ओढून काढलेला देव्हारा तेवढा उरला. पुढे आत्या आमच्याकडे आली, तो देव्हारा आजही येथे आहे. त्याचा डावा खांब जळून काळा पडलेला, पण दर दसऱ्याला तेलाचे बोट फिरून फिरून इतका गुळगुळीत झालेला, की हाताला आता काजळी लागत नाही. त्याच्यापुढे बसून ती रोज गीतेचा एक अध्याय म्हणे. तिने आयुष्यभर 'ते लोक' असा शब्द उच्चारला नाही. ती 'ती रात्र' एवढेच म्हणे. घर जाळणाऱ्यांच्या जातीला दोष द्यावा, तर तिला वाचवणाराही त्याच जातीचा होता, हे तिला कोणा विद्वानाने शिकवावे लागले नाही.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा जाब द्यावा, असे मागे एकाने मला याच ओटीवर बजावले होते. 1560 मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या त्या न्यायालयाचा हात प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेल्यांवरच चालत असे. म्हणजे ज्यांच्याकडून जाब मागावयाचा, त्यांचे पूर्वजच त्याचे भक्ष्य होते! आणि मे 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्माचरणाची मोकळीक दिली. दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर विजेत्याला जे कळले, ते पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला कळू नये?

मग धर्मीयांवर काहीच जबाबदारी नाही काय? आहे, परंतु ती अपराधाची नव्हे, कर्तव्याची आहे, आणि ती बाहेरून लादता येत नाही. गांधीवधानंतर साने गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. ते कोणी फर्मावले नव्हते. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करून मेलेल्या नऊ जणांस मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागा देण्याचे मुसलमान विश्वस्तांनी नाकारले, आणि ती प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून राहिली. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. मारेकरी जेव्हा माझ्या देवाचे नाव घेतो, तेव्हा ते नाव त्याच्या तोंडून काढून घेणे हे माझे काम आहे. हे काम ज्याने त्याने आपापल्या घरात करावयाचे असते. शेजाऱ्याच्या दारावर जाऊन, "तुझ्या धर्माने खून केला," असे ओरडणारा हे काम सोपे करीत नाही. तो आत बसलेल्या साने गुरुजींच्या तोंडचा शब्द हिरावून घेतो, आणि मारेकऱ्याला हवे असलेले एकच प्रमाणपत्र, की 'हा सर्व धर्माचा प्रतिनिधी आहे', ते स्वहस्ते लिहून देतो.

त्या गृहस्थांच्या बाबतीत मी त्या दिवशी एवढेच केले: त्यांना आत नेऊन देव्हाऱ्याचा डावा खांब दाखविला. हा कोणी जाळला, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, तुमच्यासारखाच निवाडा करणाऱ्यांनी.