अंबरनाथची भिंत कोणाची?

उल्हासनगर-बदलापूरकडील आपली काही कुटुंबे अंबरनाथच्या शिवालयाकडे पाठ फिरविणे हीच धम्मनिष्ठा मानतात. हा समज मला मान्य नाही. पूजा निराळी, पाहणे निराळे. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. त्यातील शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आपण पाठ करतो. ज्या हातांनी त्या काळ्या पाषाणातून स्त्रीमूर्ती आणि नक्षीदार खांब घडविले, त्यांची नावे कोणी पाठ केली? ती भिंत त्या कष्टकऱ्यांची आहे. आज ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आणि तो खर्च तुमच्या-आमच्या करांतून होतो.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणी हटकलेच, तर १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याचे तिसरे कलम प्रवेशापुरते बौद्धांनाही हिंदू गणते. ही गणना मला बोचते; पण दार अडविणाऱ्याला खटल्यात खेचण्यास ती उपयोगी पडते. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारी सत्याग्रह झाला, तो देवाच्या कृपेसाठी नव्हे, समान हक्कासाठी.

मुलांना घेऊन जा. हात जोडू नका. बाहेरची भिंत सकाळच्या उन्हात, सावकाश पाहा.