देवदर्शनाच्या वाटेवर दोन तास पोरांसाठी

उन्हाळी कांदा चाळीत गेला, पोरांच्या परीक्षा संपल्या. आता घरोघरी एकच विषय, कुठंतरी जाऊन येऊ. आपल्या संगमनेर-सिन्नरकडच्या गाड्यांची वाट ठरलेली. ओझर, लेण्याद्री, जमलं तर शिवनेरी, आणि पुढं आळंदी. दर्शन, जेवण, फोटो, रात्री घरी.

दर्शन घ्यावंच. माझं म्हणणं एवढंच की त्याच नाशिक-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला पोरांनी बघावी अशी कामं चालतात आणि आपण गाडीची काच लावून पुढं निघून जातो.

गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, मोठेपणी काय होणार. पोलीस, आर्मी, तलाठी, शिक्षक, फार झालं तर डॉक्टर-इंजिनिअर. त्यांना पगार घेणारी माणसं दिसतात तीच एवढी, ती तरी दुसरं काय सांगणार? मग दहावीचा निकाल लागला की शेजारच्यानं जिथं घातलं तिथंच आपणही घालतो. पुढं पोरगं पुण्यात खोली करून भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसतं. खोलीभाडं, मेस, क्लास, हे सगळं कांद्याच्या पट्टीतूनच जातं ना?

नारायणगावला टोमॅटो घेऊन आपण कितीदा जातो. तिथून थोडं आत खोडद. तिथली रेडिओ दुर्बीण जगात नावाजलेली आहे. ३० डिश आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. गुंठ्यात सांगायचं तर एका डिशचं तोंड जवळजवळ १६ गुंठ्यांचं! १४ डिश मधोमध आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात. गंमत म्हणजे डिश पत्र्याची नाही, बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीची आहे. लहरी लांब असतात म्हणून जाळीवर काम भागतं, वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाचं हे डोकं. शेडनेटखाली काम केलेल्या पोराला हे लगेच कळतं.

पोरांना वाटतं तिथं फक्त शास्त्रज्ञ असणार. अरे, एवढं लोखंड फिरवायचं म्हणजे मोटार, गिअर, केबल आलं. ते सांभाळायला आयटीआय आणि डिप्लोमा केलेली माणसं लागतातच. आधी परवानगी विचारून जा, आणि मोबाईल बंद ठेवा, कारण त्याच्या लहरींनी तिथल्या कामात अडथळा येतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन तिथं अनेक वर्षं भरत आलंय, तेव्हा गेलं तर उत्तमच.

पुढं राजगुरुनगरला केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन केंद्र आहे. भीमा शक्ती, भीमा किरण ही वाणं तिथलीच. आपल्या पोरांना डोंगळे माहीत असतात. एका हंगामात कांदा, दुसऱ्या हंगामात त्याचं बी, म्हणून नवं वाण काढायला माणसं वर्षानुवर्षं एकाच कामाला चिकटून राहतात. माझी पुतणी नववीला आहे. तिथल्या एका मॅडमना तिनं सरळ विचारलं, "मॅडम, कांदे मोजायचा पगार मिळतो का हो?" मॅडम हसल्या आणि बी.एस्सी. अ‍ॅग्रीपासून पुढचं सगळं शिक्षण तिला सांगत बसल्या. पोरीला ते किती पटलं देव जाणे, पण येताना गाडीत गप्प होती.

आणि हो, पोरींना मागच्या सीटवर डबे आणि लहान भावंडं सांभाळायला बसवू नका. आत जायची वेळ आली की पोरगा आत आणि पोरगी आईबरोबर गाडीत, हे मी खूपदा पाहतो. मनाला लागतं.

चाकणला उलटं करा. कंपनीचं चकाचक गेट दाखवायची गरज नाही. गावातलं कोणी तिथं कामाला असेल तर त्याच्या खोलीवर जा. एका खोलीत किती जण राहतात, रात्रपाळी कशी असते, कंत्राटी आणि कायम कामगारात फरक काय, हे त्याच्याच तोंडून ऐकू द्या. दोन वर्षांचा आयटीआय चांगला करून पुढं थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही तोच सांगेल. नोकरीची वाईट बाजू आपणच दाखवलेली बरी, नाहीतर ती एजंटाकडे नाव लिहून झाल्यावर कळते.

कुठंही जा, साहेबाला कमी आणि ज्याच्या हाताला ग्रीस नाहीतर माती आहे त्याला जास्त विचारा. प्रश्न पोरानं विचारावा. आपल्याला बापलोकांना मधे तोंड घालायची फार सवय. काय शिकलात, फी किती लागली, दिवसभरात कंटाळा कशाचा येतो, एवढं विचारलं तरी पुष्कळ. आणि परत येताना गाडीत भाषण नको. पोरगं म्हणालं, यातलं काहीच नको, मी शेतीच करणार, तर नारायणगावच्या मार्केटात त्याला आडत्याच्या शेजारी अर्धा दिवस उभं करा. तेही बघायचंच काम आहे.

डिझेलचं म्हणाल तर रस्ता तोच आहे, फाट्यावरून आत जायचं तेवढंच जास्तीचं. फक्त रविवार टाळा, सरकारी ठिकाणं बंद असतात.

आमची गाडी पुढच्या मंगळवारी पहाटे निघतेय. दोन जागा रिकाम्या आहेत. आठवी ते दहावीची कुणाची पोरं-पोरी येणार असतील तर उद्यापर्यंत सांगा. डबा आपापला.