धूर दिसला की इंजिन खोलायचं, हे आता थांबवूया

गणपतीत आमच्या गॅरेजसमोर एक लाल स्पोर्ट्स कार येऊन थांबली. दोन दरवाज्यांची, टर्बो पेट्रोल, बीएस-४, सेकंडहँड घेतलेली. गारगोटीत अशी गाडी आली की पोरं मोबाईल काढतातच. पण या वेळी व्हिडिओ गाडीचा नव्हता, मागून येणाऱ्या निळ्या धुराचा होता. चालवणारा पोरगा आमच्या भुदरगड तालुक्यातलाच, पुण्यात नोकरीला. उतरला तोच मान खाली घालून.

"मामा, तिकडं इंजिन उतरवायला सांगितलंय. रिंगा गेल्यात म्हणे. साडेतीन लाख."

"तपासलं काय काय त्यांनी?"

"धूर बघितला."

बस्स. धूर बघितला आणि साडेतीन लाखांचा आकडा सांगितला. गाडीवर अजून कर्ज आहे, बापाला सांगायची सोय नाही. बावीस वर्षं हे काम करतोय म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. वाचा, तुमच्या गाडीलाही उपयोगी पडेल.

धुराचा रंग सगळ्यांना माहीत असतो. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, चुकीचं रीडिंग देणारा सेन्सर. पांढरा म्हणजे थंडीच्या सकाळी नुसती वाफ, ती दोन-चार मिनिटांत जाते. गाडी गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असलं, तर हेड गॅस्केटकडे बघायचं. निळा म्हणजे ऑईल जळतंय. इथपर्यंत कुणीही सांगेल.

पण ऑईल कुठून येतंय, हे रंग सांगत नाही. त्यासाठी धूर कधी येतो हे विचारावं लागतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना एकच भपका आला आणि थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील. फोंडा घाट गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलरेटर दिल्यावर भपका आला, तरी संशय तिथंच. चढाला, लोडवर, सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. टर्बोचा सील गेला असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपात किंवा टर्बोच्या सायलेन्सरकडच्या बाजूला ऑईल सापडतं. आणि कधी कधी यातलं काहीच नसतं, कुणीतरी ऑईलच जास्त भरलेलं असतं!

या पोराला विचारलं. म्हणाला, सकाळी स्टार्टला काही नाही, सिग्नलला बराच वेळ थांबून निघालं की ढग. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, सारखं आलं. प्रत्येकात थोडं ऑईल सोडून परत घेतलं. रिंगा झिजल्या असत्या तर आकडा चांगलाच वर गेला असता, इथं नावापुरता हलला. टर्बोचे पाइप काढले, नुसता ओलावा. मग इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढायला गेलो तर ते निघेना. आतून ओढ एवढी. डिपस्टिक वर ओढली तशी इंजिनची बारीक शिट्टी बंद झाली. टॅपेट कव्हरमधल्या ब्रीदरचा रबरी पडदा फाटला होता. इनटेकची सगळी ओढ थेट क्रँककेसला लागत होती आणि हवेबरोबर ऑईल आत जाऊन जळत होतं.

कव्हर मागवून बदललं. खर्च काही हजारांत भागला. पाइपात आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळून जायला चार दिवस लागले, मग धूर बंद.

आता मी फार शहाणा असं समजू नका. पंधराएक वर्षांपूर्वी एका शिक्षकांची जुनी पेट्रोल गाडी मी अशीच खोलली होती. निळा धूर बघितला, रिंगा घातल्या, बोअर केलं, हेड आहे तसं परत बसवलं. गुरुजी कोकणात जाऊन आले आणि म्हणाले, घाट उतरलो की अजून धूर येतोय. दोष व्हॉल्व्हच्या सीलचा होता. धूर कधी येतो, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. सील पदरचे घालून दिले, पण त्यांचे आधीचे पैसे गेले ते गेलेच. अजूनही समोर आले की मला ओशाळल्यासारखं होतं.

असं का होतं? माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे पार्टचे पैसे देतात, शोधायचे देत नाहीत. दोन तास घालवून मी म्हणालो, "इंजिन ठीक आहे, तपासणीचे आठशे द्या," तर गिऱ्हाईक म्हणतं, "केलंस काय? नुसतं बघितलंस." तेच इंजिन खोललं की पन्नास हजार बिनतक्रार मिळतात. मग पोट भरायचं असलेला मेकॅनिक काय करेल? लबाड माणसं आहेत आमच्यात, नाही कशाला म्हणू. पण चांगल्या माणसालाही ही पद्धत खोलाखोलीकडेच ढकलते.

सरकारी तपासणीही याच वळणाची. या पोराकडे चालू पीयूसी होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बीएस-४ पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतो. डिझेलच्या धुराची घनता मोजतात, पेट्रोलची नाही. म्हणजे घाटाखालचा निळा भपका त्या मशीनला दिसतच नाही. आणि नळी न घालता पावती कशी मिळते, ते तुम्हाला मी सांगायला नको. निकष मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीपासून १० हजारांपर्यंत दंड आहे. दंडाला माझा विरोध नाही. पण नापास झालेल्याला "का" ते सांगणारं कुणी नाही, आणि पास झालेला निर्धास्त. जळणाऱ्या ऑईलमधलं फॉस्फरस मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करत असतं. मग आज काही हजारांत भागणारं काम उद्या लाखात जातं, आणि मधल्या काळात तो धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत.

नुसत्या परीक्षेवर विसंबलं की काय होतं ते जगानं २०१५ मध्ये बघितलंय. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. जगभरात अशा जवळपास १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. चाचणीत पास, रस्त्यावर नापास.

म्हणून तीन मागण्या. पहिली, पीयूसीच्या पावतीवर धूर दिसला का, कुठल्या रंगाचा आणि कधी, ही एक ओळ असावी. दुसरी, इंजिन खोलण्याआधी प्रत्येक गॅरेजनं कॉम्प्रेशनचे आकडे आणि निदान लेखी द्यावं. माझ्या गॅरेजात या महिन्यापासून ते छापील कागदावर मिळेल. तिसरी मागणी तुमच्याकडे आहे: तपासणीचे पैसे हसत द्या. जे. पी. नाईकांनी याच गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं, खेड्यातल्या पोरांच्या हातात तंत्र यावं म्हणून. त्या पोरांना पाना फिरवता येतो. शोधून काढण्याचेही पैसे मिळतात हे कळलं, तर ती शोधायलाही शिकतील.

पुण्याचा पोरगा निघताना म्हणाला, "मामा, तपासणीचे किती?" बावीस वर्षांत असं आपण होऊन विचारणारी माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.