बेरेंगेलाचा 'त्याग'

(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या तासाला मध्ययुगीन युरोप शिकवताना सरांनी स्पेनमधल्या बेरेंगेला राणीचा उल्लेख केला. १२१७ साली कॅस्टीलचे राज्य तिला वारशाने मिळाले आणि महिना पुरा व्हायच्या आत तिने ते आपल्या मुलाच्या हवाली केले. "आईचा केवढा हा त्याग!" असे सर म्हणाले. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतले, मीही घेतले. पण घरी जाताना तो शब्द डोक्यातून जाईना. शेवटी ग्रंथालयातून पुस्तके काढली आणि दिवाळीची सुट्टी त्यातच घालवली. जे वाचले त्यावरून माझे मत सरांच्या मताहून वेगळे झाले आहे. सरांची क्षमा मागून ते इथे मांडतो.

त्या काळी स्पेन असा एक देश नव्हताच. कॅस्टील, लेओन, नव्हारे, ॲरागॉन, पोर्तुगाल अशी ख्रिस्ती राज्ये एकमेकांच्या सीमेवर भांडत होती आणि दक्षिणेला अल्मोहाद मुसलमानांची सत्ता होती. या राज्यांत तह व्हायचा तो बहुधा लग्नाने. बेरेंगेला ही कॅस्टीलचा राजा आठवा अल्फोन्सो याची थोरली मुलगी, ११८० च्या सुमारास जन्मलेली. आई इंग्लंडची राजकन्या, आणि आईची आई म्हणजे ॲक्विटेनची सुप्रसिद्ध एलिनोर. ११८८ साली, जेमतेम आठ वर्षांची असताना, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा मुलगा कॉन्राड याच्याशी तिचे लग्न ठरले. जर्मनीतल्या सेलिगेनश्टाट गावी तसा लेखी करार झाला. वडिलांना तेव्हा मुलगा नव्हता, म्हणून मुलीला भाव होता. पुढच्याच वर्षी भाऊ जन्मला आणि सोयरीक बारगळली. आपल्याकडे ठरलेले लग्न मोडले की मुलीला बोल लागतो; तिथे निदान कारण तरी सरळ होते, हुंड्यातून राज्य वजा झाले होते.

दुसरे लग्न झाले १०९७ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे ११९७ साली, लेओनचा राजा नववा अल्फोन्सो याच्याशी. कॅस्टील आणि लेओनमध्ये सीमेवरच्या किल्ल्यांवरून तंटा होता. किल्ले मुलीच्या नावावर केले की ते दोन्हीकडचे होतात, असा हा हिशेब. ११९९ साली नवऱ्याने तिला तीस किल्ले लिहून दिले. पण हा नवरा तिच्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ होता. आमच्या गावात हे ऐकून म्हातारी माणसे कानावर हात ठेवतील. चर्चच्या नियमातही ते बसत नव्हते. पोप तिसरा इनोसंट याने हे लग्न मान्य केले नाही, आणि पाच मुले झाल्यावर १२०४ साली ती माहेरी परत आली. गंमत अशी, की या राजाची पहिली बायको पोर्तुगालची तेरेसा, तीही जवळचे नाते म्हणूनच पोपच्या हुकुमाने अशीच परत गेली होती. नाते जवळचे आहे हे लग्नाआधी सगळ्यांना माहीत असायचे. पण तहाची गरज असेपर्यंत ते कुणाला दिसत नसे.

तिच्या बहिणींचेही तेच. १२०० साली ऐंशीच्या घरातली आजी एलिनोर डोंगर ओलांडून नात न्यायला आली, कारण फ्रान्स आणि इंग्लंडच्या तहात एक कॅस्टीलची मुलगी ठरली होती. कोणती, ते आजीने येऊन ठरवायचे! उराका हे नाव फ्रेंच कानांना बरे वाटणार नाही म्हणून धाकटी ब्लांका निवडली, असे सांगतात. उराका पोर्तुगालला गेली. बारा वर्षांची ब्लांका फ्रान्सला गेली आणि पुढे नवव्या लुईची आई म्हणून तिने फ्रान्सचा कारभार चालवला. सर्वांत धाकटी लेओनोर ॲरागॉनच्या जाइमेला दिली, तेव्हा नवरदेव तेरा वर्षांचा होता. आठ वर्षांनी तेही लग्न नात्याच्याच कारणावरून रद्द झाले.

इथपर्यंत वाचल्यावर कुणीही म्हणेल, बिचारी मुलगी, बुद्धिबळाचे प्यादे. मलाही तसेच वाटले होते. पण १२१४ साली वडील वारले, मागोमाग आई वारली, आणि दहा वर्षांचा भाऊ एनरिके राजा झाला. तेव्हापासूनची बेरेंगेला प्यादे नाही. लारा घराण्याच्या आल्वारो नून्येसने तिच्या हातून भावाचे पालकत्व काढून घेतले आणि पोराचे लग्न पोर्तुगालच्या माफाल्दाशी लावले. ते लग्न पोपने मोडले, जवळच्या नात्याच्याच मुद्द्यावर. ज्या नियमाने आपला संसार गेला तो नियम आता तिच्या बाजूच्या उपयोगी पडला.

६ जून १२१७ ला पालेन्सिया येथे खेळताना छपराचे कौल डोक्यात पडून एनरिके मेला. यापुढचे चार आठवडे मी दोनदा वाचले. बेरेंगेलाने भावाच्या मरणाची बातमी बाहेर फुटू दिली नाही. तिचा मुलगा फेर्नांदो तोरो येथे बापाजवळ होता. बापाला खरे कळले असते तर बायकोच्या नात्याने कॅस्टीलवर हक्क सांगायला तो स्वतःच आला असता. तिने भरवशाचे सरदार पाठवून काहीतरी निमित्त सांगून मुलाला आणवले. आल्वारो म्हणाला, मुलगा माझ्या ताब्यात द्या. तिने नकार दिला. मग जुलैच्या आरंभी बायादोलिद येथे गावाबाहेर मोकळ्यावर लोक जमले, त्यांनी तिला राणी मानले आणि तिने तिथल्या तिथे राज्य मुलाला दिले.

आता यात त्याग कुठे आहे? एकटी बाई, वर हक्क सांगणारा सोडलेला नवरा आणि खाली बंडखोर सरदार. मुलाला पुढे केल्याने दोघांचीही तोंडे बंद झाली. नवरा फौज घेऊन आला तो हात हलवत परत गेला. आणि तिने सोडले तरी काय? त्यानंतर फेर्नांदोच्या सनदांमध्ये 'माझी आई राणी बेरेंगेला हिच्या संमतीने' अशा अर्थाचे शब्द वर्षानुवर्षे येतात. मला तर हा उत्तम कारभार वाटतो. तिला ओळखणाऱ्या तोलेदोच्या आर्चबिशपाने इतिहास लिहिताना तिच्या विनयाची स्तुती केली. बाईची अक्कल मान्य करण्यापेक्षा तिचा विनय मान्य करणे सोपे असावे.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहितो, तेही सांगून टाकतो. माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. माझी ताई सातवीनंतर शाळेतून निघाली, आणि ती माझ्याहून हुशार होती. गणिताची बक्षिसे तिची आहेत, माझे एकही नाही. पाहुणे आले की आई-दादा कौतुकाने सांगतात, "पोरीनं भावासाठी त्याग केला." गेल्या मे महिन्यात ती माहेरपणाला आली होती, तेव्हा मी तिला विचारले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी कुठं काय केलं? मला कुणी विचारलं का? एक दिवस दप्तर खुंटीला राह्यलं ते राह्यलंच." बेरेंगेलाने ठरवून केले त्याला त्याग म्हणायचे, आणि ताईला न विचारता झाले त्यालाही त्यागच म्हणायचे! एवढ्या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात मावतात त्या अर्थी तो शब्द कुणाच्या तरी सोयीचा आहे. माझ्याही सोयीचा आहे, हे मला कळते.

पण बेरेंगेलाला मी देवी करणार नाही. स्वतः जे भोगले ते तिने पोरींना चुकवले नाही. १२२४ साली जेरुसलेमचा विधुर राजा ब्रिएनचा जॉन लेओनच्या राजाची मुलगी मागायला चालला होता. त्या लग्नाने लेओनचे राज्य परक्याकडे जाईल हे ओळखून तिने त्याला मध्येच गाठले आणि स्वतःची मुलगी दिली. मुलीचे नावही बेरेंगेलाच. नवरा वयाने तिच्या बापाहून कमी नव्हता. ती पुढे कॉन्स्टँटिनोपलची सम्राज्ञी झाली. दुसरी मुलगी कोन्स्तान्सा बुर्गोसच्या लास वेल्गास मठात जोगीण झाली. मुलासाठी सून आणली ती जर्मनीची बेआत्रीस, म्हणजे त्याच मोडलेल्या सोयरिकीतल्या कॉन्राडची पुतणी. एकतीस वर्षांनी त्याच घराशी संबंध जुळला, पण या वेळी ठरवणारी बेरेंगेला होती.

१२३० साली नववा अल्फोन्सो वारला. आपल्यामागे लेओन तेरेसाच्या मुलींना, सान्चा आणि दुल्सेला मिळावे, असा त्याचा मानस होता. तेव्हा त्या राजाच्या दोन्ही सोडलेल्या बायका, तेरेसा आणि बेरेंगेला, एकमेकींना भेटल्या आणि त्यांनी वाटाघाट केली. त्यातून बेनाबेन्तेचा तह झाला. लेओन फेर्नांदोला मिळाले, आणि दोघी बहिणींना दरसाल तीस हजार मराव्हेदी नेमणूक ठरली. कॅस्टील आणि लेओन त्यानंतर पुन्हा कधी वेगळे झाले नाहीत. सैन्याने जे झाले नसते ते दोन बायकांनी बसून केले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात यायला हवी असे मला वाटते. पण राज्य गेले ते सान्चा आणि दुल्सेचे. त्यांच्या वाट्याला 'त्याग' हा शब्दही आला नाही. सरांनी पुढच्या तासाला त्या दोघींविषयी थोडे बोलावे, एवढी विनंती आहे.