आजची मोटार व उद्यांचें वचन

विजेवर चालणाऱ्या मोटारी आतां आमच्या शहापूर-मुरबाडच्या मुलखांत नवलाच्या राहिल्या नाहींत. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा भाग खुला झाला, तेव्हांपासून शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून भरधाव वाहनें जाऊं लागलीं आहेत. या रस्त्यासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरीं मोबदल्याचा पैसा आला. अशा घरांत नव्या मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे मुलगा बापास उत्साहानें सांगतो कीं, ही गाडी पुढेंमागें आपोआप चालूं लागणार आहे, तिला नवें सॉफ्टवेअर येणार आहे. या ‘येणार आहे’ विषयींच आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अशा मोटारींच्या सुधारणा दोन जातींच्या असतात. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रास दिलेलें शिक्षण. तें बिनतारी मार्गानें, गाडी अंगणांत उभी असतांहि बदलतां येतें. हार्डवेअर म्हणजे यंत्राचे डोळे व मेंदू, अर्थात् कॅमेरे, रडार व संगणक. हीं साधनें गाडींत मुळांतच नसलीं अगर अपुरीं पडलीं, तर सॉफ्टवेअर कितीहि नवें आलें तरी काम भागत नाहीं. ज्या मुलाची दृष्टि अधू आहे त्यास नवें पुस्तक देऊन काय उपयोग? त्यास आधीं चष्माच दिला पाहिजे.

स्वयंचलनाच्या, शून्यापासून पांचापर्यंत, सहा पायऱ्या मोटार-तज्ज्ञांनीं मानिल्या आहेत. दुसऱ्या पायरीवरील गाडी पुढील वाहनापासून अंतर राखते, पट्ट्यांच्या मधून चालते, प्रसंगीं स्वतः ब्रेक लावते. परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याचें काम चालकाचेंच राहतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें जाहीर झालेल्या व चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा कंपनीच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या घ्या. त्यांतील ही सोय याच पायरीवरची आहे, आणि तीहि गाडीच्या सर्व प्रतींत सारखी नाहीं.

आतां वचनाचा इतिहास पाहा. अमेरिकेंतील टेस्ला कंपनीनें ऑक्टोबर २०१६ मध्यें जाहीर केलें कीं, यापुढें तिच्या कारखान्यांतून निघणाऱ्या प्रत्येक गाडींत पूर्ण स्वयंचलनास लागणारें हार्डवेअर असेल. लोकांनीं त्या भरंवशावर हजारों डॉलर अधिक मोजले. २०१९ मध्यें नवा संगणक आला. २०२३ मध्यें त्याहून नवा आला. शेवटीं जानेवारी २०२५ मध्यें कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनींच कबूल केलें कीं, ज्यांनीं ही सोय विकत घेतली आहे त्यांच्या गाड्यांतील २०१९ च्या जातीचे संगणक बदलावे लागतील. मध्यंतरीं सव्वाआठ वर्षें लोटलीं. तेवढ्या काळांत पहिलींतलें मूल नववींत जातें. जुलै २०२५ मध्यें याच कंपनीनें मुंबईंत दुकान उघडलें, तेव्हां मॉडेल वाय गाडीची किंमत सुमारें साठ लक्ष रुपये होती. पूर्ण स्वयंचलनाचे सहा लक्ष रुपये निराळे होते, आणि ती सोय त्या वेळीं भारतांत चालूच नव्हती!

असें यंत्र होणारच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंतील फीनिक्स शहरांत वेमो कंपनीनें ऑक्टोबर २०२० मध्येंच चालकाविना चालणाऱ्या गाड्या सर्वसाधारण उतारूंसाठीं सुरू केल्या. परंतु त्या आंखून दिलेल्या टापूंत, तपशीलवार नकाशांच्या व अनेक जातींच्या साधनांच्या बळावर चालतात. पावसाळ्यांत माळशेज घाटाच्या धुक्यांत, पुसट झालेल्या पट्ट्यांवरून, गुरांतून वाट काढीत जाणें ही निराळीच परीक्षा आहे. शिवाय चालकांची रोजी जाईल या कारणास्तव केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं २०२३ सालीं अशा गाड्यांस आपला विरोध स्पष्टपणें सांगितला होता. आमच्या तालुक्यांतील कित्येक घरांची चूल मोटार हांकण्याच्या रोजीवर पेटते, हें लक्षांत घेतां त्या म्हणण्यांत तथ्य आहे.

आमच्या वाडवडिलांस खरेदीचा हा प्रश्न अवघड वाटला नसता. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौष पौर्णिमेस यात्रा भरते व बैलांचा मोठा बाजार होतो. तेथें गेलेला शेतकरी बैलाचे दांत पाहतो, खांदा पाहतो, त्यास चालवून पाहतो, आणि मग पैसे काढतो. तो खोंडहि घेतो. पण खोंडास खोंडाचीच किंमत देतो, उद्यां होणाऱ्या बैलाची देत नाहीं. आमच्या मतें मोटार घेणारासहि हाच नियम पुरे आहे. गाडी आज जें करून दाखविते त्याचें मोल द्यावें. उद्यांची सुधारणा आली तर ती लाभ समजावी. विक्रेता तोंडानें जें सांगतो तें लिहून मागावें: कोणती सुधारणा, केव्हांपर्यंत, कोणाच्या खर्चानें, आणि न आल्यास पैसे परत मिळतील कीं नाहीं. लिहून देण्यास तो कचरला तर उत्तर मिळालेंच. जमीन ही हातची वस्तु होती. तिचा पैसा झाला. निदान त्या पैशाचें नुसतें वचन होऊं देऊं नये.

विद्यार्थ्यांसहि एक गोष्ट सांगावयाची आहे. बाजाराहून परततांना गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घरची वाट धरीत; पण शहाणा गाडीवान घाटांत झोंपत नसे. यंत्रावरील अर्धवट भरंवसा हा अविश्वासापेक्षां घातक होय, कारण तो माणसाचें लक्ष उडवितो. आसनगांव, खर्डी, सरळगांव येथें रस्त्याच्या कडेनें तुमचींच भावंडें दप्तरें घेऊन चालत असतात. चालकानें आपली नजर यंत्रावर सोपविली तर तिची किंमत त्यांस द्यावी लागेल.

प्रभु येशूच्या एका दाखल्यांत बाप आपल्या दोघां मुलांस द्राक्षमळ्यांत कामास जावयास सांगतो. एक आधीं नाकारितो, पण मागाहून जातो. दुसरा तत्काळ होकार देतो, पण जात नाहीं. बापाची इच्छा कोणीं पाळिली हें ठरविण्यास पंडित लागत नाहीं. कारखानदारास, विक्रेत्यास आणि ‘उद्यां अभ्यास करितों’ म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसहि हेंच माप लागू आहे.